लाकडाचं छप्पर आणि झडीचं जेवण

छप्पर गळलं की लोक वर पाहतात आणि माझं नाव घेतात. नाही गळलं तर वरही पाहत नाहीत आणि नावही घेत नाहीत. जन्मभर मी असा धंदा केला की नाव न निघणं हीच त्यात शाबासकी. आता गुडघे गेले. शिडीला नुसता हात लावला तरी सुमित्रा, म्हणजे माझी बायको, घरातून ओरडते. म्हटलं, बसल्या बसल्या आपलं नाव आपणच घ्यावं. दिवाळी अंकात मोठे मोठे लोक लिहितात, एखाद्या वर्षी कवेलू फेरणाऱ्यानं लिहिलं तर काय बिघडलं!

मी नागपूरकडच्या करडी गावचा. तिकडे पुण्याकडे ज्याला कौलं म्हणतात ते आमचे कवेलू, आणि ज्याला घर शाकारणं म्हणतात ते आमच्याकडे घर फेरणं. देशी कवेलू म्हणजे भाजलेल्या मातीची अर्धी नळी. मिरगाच्या आधी सगळे कवेलू उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, कुजलेल्या बांबूच्या कामट्या बदलायच्या आणि पुन्हा रचायचे. एक ओळ उताणी, तिच्यातून पाणी वाहतं. दुसरी पालथी, ती सांधा झाकते. ऐकायला सोपं आहे. पण उन्हात तापलेल्या उतारावर उकिडवं बसून, खाली पाय न घसरू देता, दिवसभर हे करून पाहा म्हणजे कळेल.

मी वर आणि सुमित्रा खाली, अशी आमची जोडी. ती खालून कवेलू फेकायची, मी वर झेलायचो. तिचा नेम असा की मला हात लांब करावा लागत नसे, कवेलू आपण होऊन तळहातावर येऊन बसायचा. फेकताना दर वेळी ती एकच हाळी द्यायची, "घ्या दाबून!" म्हणजे कवेलू नुसता ठेवू नका, खालच्यावर दाबून बसवा, वारा घुसायला जागा राहू देऊ नका. लग्न झालं तेव्हापासून ही हाळी माझ्या कानात आहे. गावातली पोरं आम्हाला पाहिलं की मागून ओरडायची, "घ्या दाबून!" मी चिडायचो, ही हसायची.

आमच्या घरची आणखी एक रीत होती, ती माझ्या बापानं घातलेली. झडीचं जेवण. झड म्हणजे दिवसरात्र लागून राहिलेला पाऊस. पहिली झड लागली की घरमालकानं आम्हाला जेवायला बोलवायचं आणि बापाचं ताट मांडायचं ते घरातल्या सगळ्यात वाईट जागी, जिथे छपराची दोन पाखी, म्हणजे दोन उतार, मिळतात त्या कोपऱ्याखाली. जेवण होईपर्यंत ताटात थेंब पडला नाही तर काम पसंत. थेंब पडला तर ताट सरकवून उठायचं, त्याच पावसात वर चढायचं आणि पाखं पुन्हा फेरून द्यायचं, फुकट. बापाला आपल्या हाताची फार घमेंड. मलाही आहे, खोटं कशाला बोलू?

एकदा शहापुरात एका गृहस्थाकडे बाप असा जेवायला बसला. मी बाजूला. हा गृहस्थ महासंशयी, हातात कंदील धरून वर टकामका पाहत होता. दोन घास झाले न झाले तोच ताटात टप्. गृहस्थ खूश! बाप काळाठिक्कर पडला. ताट सरकवलं आणि भर पावसात वर गेला. थोड्या वेळानं वरून त्याचं हसू ऐकू आलं. आढ्यावर एक हुप्प्या वांदर भिजत बसला होता, आणि त्यानं कवेलू सरकवून जे खाली सोडलं होतं ते पाणी नव्हतं. बापानं वरूनच हाक मारली, "मालक, हे मायं काम नोहोय, हे त्याचं काम हाये!"

पण त्याच वांदरांनी पुढे आमचा धंदा बुडवला. जंगलात खायला राहिलं नाही तशी टोळीच्या टोळी गावात यायला लागली. फेरलेल्या घरावर सकाळी एक टोळी नाचून गेली की संध्याकाळी अर्धे कवेलू फुटलेले. लोक किती वेळा फेरतील? एकेक घर टिनाचं झालं, ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकला. कवेलू भाजणाऱ्या कुंभारांनी भट्ट्या बंद केल्या. मी लोकांची गोठे-कोठारं फेरत राहिलो. वाईट वाटायचं. टिन ठोकायला मला बोलवत, मी जात नसे. सुमित्रा म्हणायची, "अकड सोडा जराशी." नाही सोडली.

अशा दिवसांत वत्सलाबाई आमच्या दारात आल्या. आमच्या करडीत कोष्ट्यांची घरं कधीच फार नव्हती. जी होती त्यांत माग चालू राहिला तो यांचा एकट्यांचा. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. नवरा गेलेला, मुलगा नागपूरला. त्या ओट्यावर बसल्या आणि पाण्याचा पेलाही न घेता बोलायला लागल्या.

"गोविंदा भाऊ, माया घरावर वांदरं नाचून राहिले. कवेलू राह्यला नाही. काजळीचं पाणी धोतीजोडीवर पडलं, आख्खी जोडी गेली."

"टिन टाका ना बाई," मी म्हटलं. मनावर दगड ठेवून म्हटलं.

"टिनाखाली कोशाचा धागा जगते का? उन्हाळ्यात तडतड तुटते. अन् पावसात तं आवाजानं डोकं उठते नुसतं. तिकडं पोरगा म्हणते, नागपूरले ये. एक माणूस येऊन गेला, हॉटेलवाला. त्याले माग पाहिजे."

"हॉटेलात माग कायले?"

"शोभेले मांडते म्हणे. दारापाशी." असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "या झडीत मागावर एक थेंब जरी पडला ना भाऊ, तं मी त्या माणसाले होय म्हणते अन् जाते नागपूरले. थकली मी."

त्यांच्या सासऱ्यानं बसवलेला माग, हॉटेलच्या दाराशी चपलांच्या बाजूला! मला रात्रभर ते सहन झालं नाही. सकाळी उठून मी सुमित्राला म्हटलं, "लाकडाचे कवेलू केले तं?"

हे माझं डोकं नाही. लहानपणी बापाबरोबर जंगलातल्या एका जुन्या बंगल्यावर गेलो होतो, तिथल्या ओसरीवर लाकडाच्या फळ्यांचं छप्पर होतं. हातभर लांबीच्या पातळ फळ्या, एकीवर एक चढवलेल्या, मासोळीच्या खवल्यांसारख्या. वांदरानं वर उडी मारली तरी फुटत नाहीत, उन्हात तापत नाहीत, आणि नीट बसवल्या तर माणसाचं आयुष्य निघतं. बापानं त्यातल्या चार बदलल्या होत्या. एवढीच माझी शिकवणी.

लाकूड कुठून आणायचं? सागवान जंगलातून तोडायचं म्हणजे तुरुंगात जायचं. पण गावात घरकुलं होत होती, जुनी घरं पाडली जात होती आणि त्यांचे मयाल, म्हणजे आढ्याखालचे मोठे वासे, अंगणात पडून सडत होते. आम्ही ते गोळा केले. काही सागाचे, काही बिज्याचे. बिज्याचं लाकूड पाहून मी खूश होतो, चिवट असतं. वत्सलाबाईंनी मात्र त्याची ढलपी उचलली, पाण्यात बुडवली आणि पाणी मला दाखवलं. पिवळंजर्द! "हे माया घरावर नको भाऊ. याचा रंग उतरते. कोशाले लागला तं जन्मभर निघत नाही." बिजा आम्ही गुरांच्या गव्हाणीला वापरला.

लाकडी कवेलू करवतीनं कापायचा नसतो, फाडायचा असतो. करवत रेषा तोडते, मग पाणी आत शिरतं. फाडलेलं लाकूड आपल्या रेषेनं सुटतं आणि पाणी त्याच रेषेवरून घसरून जातं. लोहाराकडून एक सरळ पातं घडवून घेतलं, ओंडक्यावर ठेवायचं, वरून मोगरी मारायची आणि पात्याची मूठ पिळायची. तट्कन आवाज होतो आणि फळी सुटते. तो आवाज ऐकून मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटायचं. सुमित्रा म्हणाली, "बायकोवर इतके खूश कधी नाही झाले."

छपराचा उतार जास्त उभा केला, कारण लाकडावर पाणी रेंगाळता कामा नये. खाली सलग फळ्या न टाकता अंतरा-अंतरानं पट्ट्या मारल्या, म्हणजे खालून वारा लागून लाकूड वाळतं. वरच्या फळीनं खालच्या फळीचे खिळे झाकायचे, आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. कुठेही बोट ठेवा, बोटाखाली तीन फळ्या. वत्सलाबाईंना एका शब्दात कळलं. "तीन पदर," त्या म्हणाल्या. "मंग नाही भिजत."

आता ऐका गंमत. मी वर, सुमित्रा खाली. वजन हलकं, लाकूड गुळगुळीत, ती फेकत होती आणि तीच हाळी, "घ्या दाबून!" आणि मी, जन्माचा कवेलूवाला, घेतोय दाबून! फळीला फळी अशी चिकटवली की मधून केस जाणार नाही. एक पाखं पुरं झालं तेव्हा खाली उतरून मी दहा वेळा वर पाहिलं. गावातले लोकही पाहून गेले. वा वा झाली.

तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, चांगला दणकून. सकाळी जाऊन पाहतो तर माझं गुळगुळीत पाखं जागोजागी उठलं होतं. फळ्या एकमेकींना ढकलून फुगल्या होत्या, काहींनी खिळे उपटले होते, काही मधोमध चिरल्या होत्या. वत्सलाबाई दारात उभ्या. मी तिथेच ढिगावर बसलो.

तेवढ्यात तलावावरून सोमाजी आला. सोमाजी मेश्राम ढिवर. मासोळ्या धरतो आणि डोंगे, म्हणजे होड्याही बांधतो. माझा लहानपणचा दोस्त. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटला.

"हसतो काहून बे?"

"अबे गोविंदा, तूनं घर नाही, डोंगा बांधला! डोंग्याची फळी दाबून बसवा लागते. ते पाण्यात राहाते, फुगते, सांधा बंद होते. तुयं छप्पर का तलावात राहाते का? आज ओलं, उद्या कोरडं. त्याले फुगाले जागा नाही देल्ली तं ते जाईन कुठं? वरच येईन ना!"

"मातीचा कवेलू तं नाही फुगत," मी म्हटलं. तोंडातून निघालं खरं, आणि माझं मलाच कळलं की मी लाकडावर मातीचं काम करत होतो.

सगळं पाखं उतरवलं. मिरग तोंडावर आलेला, ढग रोज येऊन बघून जात. सोमाजीनं मासोळ्या सोडून दिल्या आणि आमच्यात आला. फट किती ठेवायची यावर आमचं दोघांचं जोरात भांडण झालं. शेवटी सुमित्रानं कोठीतून मूठभर धान आणलं. दोन फळ्यांच्या मधे धानाचा एक दाणा आडवा धरायचा, अलगद जाईल एवढी फट. ना कमी ना जास्त. त्या दिवसापासून माझ्या कानामागे बिडीच्या जागी धानाचा दाणा. खिळाही पुरता ठोकायचा नाही, फळीला टेकला की थांबायचं. जस्त चढवलेले खिळे, दर फळीला दोनच.

सगळ्यात अवघड गेली ती हाळी. सुमित्राच्या तोंडून फळी फेकताना आपोआप "घ्या दाबून" निघायचं, मग ती जीभ चावायची आणि म्हणायची, "घ्या... सैल!" रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "गोविंदाभाऊ, फटी ठेवून राहिले का? पाणी नाही येन का?" मी म्हणायचो, येऊ दे तं खरं. वरून हिंमत दाखवायचो, आणि ते गेले की फटीत पुन्हा दाणा घालून पाहायचो. हात माझे दाबून बसवणारे. दर फळीला त्यांना सांगावं लागे, सोड, सोड.

काम झालं आणि लगेच पाऊस आला नाही. बरेच दिवस कडक उन्हाचे गेले. लाकूड वाळून खडखडीत झालं. मग एका सकाळी आभाळ भरलं आणि झड लागली. दुपारी वत्सलाबाईंचा निरोप आला, जेवायला या.

कोपऱ्यात पाट मांडला होता. बाजूलाच माग, त्यावर अर्धं विणलेलं कोशाचं कापड, आणि वत्सलाबाईंनी मुद्दामच ते झाकलं नव्हतं. सोमाजी माझ्या शेजारी. पांढरा भात, वरण, पातोडीचा रस्सा. सुमित्रा वाढत होती. बाहेर पाऊस धो धो पडत होता, आणि घरात आम्ही हळू आवाजात बोलू शकत होतो. मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला.

टप्.

माझ्या भातावर एक थेंब. चहासारखा तपकिरी डाग पांढऱ्या भातावर पसरला. सगळ्यांनी पाहिला. सुमित्राच्या हातातली पळी तशीच राहिली. वत्सलाबाई उठल्या आणि मागापाशी जाऊन उभ्या राहिल्या, एक हात कापडावर ठेवून. मला वर पाहवेना.

टप्. दुसरा.

मी ताट सरकवलं. बापाची रीत ती रीत. सदरा काढायला लागलो तर सोमाजीनं माझा दंड धरला. "वर जाऊन करशीन काय? ठोकशीन? बस खाली. लाकूड तहानलं हाये, पिऊ दे त्याले."

"सोड मले, सोमा."

"म्या म्हणतो ना बस. जेव."

मी बसलो. ताट पुन्हा पुढे ओढलं. तिसरा थेंब आला, पण उशिरा आला. फळीच्या टोकाशी लोंबत राहिला आणि मग पडला. चौथा तसाच लोंबला. आम्ही चौघंही त्याच्याकडे पाहत होतो. तो थरथरला, आणि पडला नाही. फळीनं त्याला आत ओढून घेतलं. मग तिथे नुसता ओला डाग राहिला आणि मग तो डागही वाढेना. बाहेर पावसाचा जोर वाढला होता.

"फुगलं," सोमाजी म्हणाला आणि रश्श्यात हात घातला.

वत्सलाबाईंनी बराच वेळ वर पाहिलं. मग खांद्यावरचा पदर कमरेला खोचला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या आणि धोटा फेकला. ठक्. पुन्हा ठक्. टिनाखाली असता तर त्या पावसात तो आवाज कोणाच्या कानावरही आला नसता. मला हुंदका आला. मी तो लपवला नाही. एवढी वर्षं मी लोकांची घरं फेरली, पण माझ्या कामाखाली काही सुरू झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

हात न थांबवता वत्सलाबाई म्हणाल्या, "भाऊ, थेंब तं पडला ना?"

"पडला बाई." नाही कसं म्हणू?

"तुमच्याच रीतीनं तुम्ही फसले. पाखं फेरून द्याची गरज नाही, पण झड लागली का दरसाल याचं, ह्याच कोपऱ्यात बसाचं अन् जेवाचं. मी असेपर्यंत."

हॉटेलवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन नाही म्हटलं. नंतर मला कोंढ्याहून बोलावणं आलं, तिथे एका देवळाच्या मंडपावर लाकूड घातलं. वांदरांचा त्रास असलेल्या आणखी दोन-चार घरांवर घातलं. फार नाही. जुने मयाल आता मिळत नाहीत आणि एवढी मेहनत कोणाला नको. मातीचा कवेलू दरवर्षी मला बोलवायचा. लाकडाचा बोलवत नाही. इतकं चांगलं काम केलं की पुन्हा माझी गरजच पडली नाही, याचा अभिमान वाटतो आणि थोडा रागही येतो.

वत्सलाबाईंचं छप्पर आता राखी रंगाचं झालं आहे. वांदरं अजून त्यावर नाचतात. वांदरांनी नाचावं, मला आता काही वाटत नाही. दर झडीला मी आणि सुमित्रा छत्रीतून जातो, सोमाजी आधीच येऊन बसलेला असतो. माझा पाट त्याच कोपऱ्यात. यंदाही मी आधी वर पाहिलं आणि मग ताटाकडे. पांढराशुभ्र भात. माग चालू होता. मी नुसता ऐकत बसलो होतो, हात तसाच ताटात.

सुमित्रानं माझ्या ताटात आणखी एक भाताची मूद घातली, वर वरणाची धार सोडली आणि मागाच्या आवाजाच्या वर आवाज काढून ओरडली,

"वर काय पायता? घ्या दाबून!"